दोन माळ्यांमधली ज्वारी

पौष लागला की इंदापूरच्या रस्त्याकडेला आता मोटारी उभ्या राहतात. उसाच्या आणि डाळिंबाच्या बागांमध्ये कोणीतरी तुकडाभर शाळू राखलेला असतो, तोही शहरातल्या पाहुण्यांसाठी. खड्ड्यात गोवऱ्या पेटवतात, निखाऱ्यात कणसे भाजतात आणि चोळलेला हुरडा कागदाच्या बशीतून पुढे करतात. यंदा धाकट्या मुलाने मलाही नेले. हुरडा कोवळा होता, म्हणून दातांवाचून खाता आला. "चव तीच आहे," मी म्हणालो. मुलाला बरे वाटले. परतताना मोटारीत माझ्या ध्यानात आले की हे वाक्य मी पडताळा न घेता बोललो. साठ वर्षांपूर्वीची चव माझ्याजवळ कुठे शिल्लक होती, की तिच्याशी आजची ताडून पाहावी?

एरवी हा प्रश्न मला पडला नसता. पण दोन वर्षांपासून मी आठवणी लिहितो आहे. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेला. मुलांनी निबंधात न पाहिलेल्या हिमालयाचे वर्णन केले की मी त्याखाली लाल रेघ ओढत असे. नातवंडांच्या हट्टाने आता माझ्याच वह्या भरल्या, आणि बारामतीच्या एका छापखान्यात त्यांचे पुस्तक व्हायचे आहे. बाकी सर्व पाने तिकडे गेली. एक प्रकरण मात्र माझ्याजवळ राहिले. ते राखणीच्या हंगामाचे आहे.

साल पस्तीस की छत्तीस, हे सांगता येत नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो, एवढे नक्की. सातवीची परीक्षा पास होऊन मास्तरकीच्या नेमणुकीची वाट पाहत घरी बसलो होतो. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की, पहाटे माळ्यावर बसलो असता वालचंदनगरच्या नव्या कारखान्याचा भोंगा कानी येई. वाक्य चांगले साधले होते. मग अंतर मोजले. आमच्या गावापर्यंत तो भोंगा वाऱ्यावर बसूनही आला नसता. तो मी पुढे, नोकरी लागल्यावर, दुसऱ्या गावी ऐकला. स्मरणाने तो उचलून माझ्या एकोणिसाव्या वर्षात आणून ठेवला होता. ते वाक्य मी खोडले, आणि त्या दिवसापासून स्वतःच्या वहीकडे परक्या मुलाच्या वहीसारखे पाहू लागलो.

आमचे गाव भीमेच्या अलीकडे. बारामतीकडे नीरेच्या कालव्याचे पाणी, म्हणून तिकडे ऊस आणि गुऱ्हाळे. आमच्याकडे पाणी आभाळाचे, आणि जमीन काळी, एकदा भिजली की ओल धरून ठेवणारी. त्या ओलीवर शाळू वाढे तो माणसाच्या डोक्याच्याही वर. पौषात कणसात दूध भरले की त्याच सुमारास भोरड्या येत. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या पाखरांचा थवा रानावर उतरला की चादर अंथरल्यासारखा दिसे, आणि उठला की मागे कणसांची नुसती बोंडे उरत. म्हणून राखण.

राखणीसाठी रानात माळा उभारत. चार मेढी, त्यांवर आडवी लाकडे, वर कडब्याची गादी. आमच्या रानात दोन माळे होते, मध्ये बांध. बांधाच्या अलीकडचे रान आम्ही घरी कसत होतो. पलीकडचेही आमचेच, पण ते वाट्याने दिलेले होते. वाटेकऱ्याचा मुलगा ज्ञानू माझ्याच वयाचा. अलीकडच्या माळ्यावर मी, पलीकडच्यावर तो. मध्ये दोनशे पावलांची ज्वारी. दिवस उगवल्यापासून ऊन चढेपर्यंत, आणि पुन्हा उन्हे कलल्यापासून दिवस मावळेपर्यंत आम्ही गोफणी फिरवत असू.

गोफण अंबाडीच्या वाखाची. ती ओली करून वापरली तर फटका बंदुकीसारखा वाजतो. काळ्या रानात दगड सापडत नाही, म्हणून गुंडे मातीचे करावे लागत. ओढ्याची चिकण माती, तीत भुसकट आणि थोडे शेण. चांगली तुडवून लिंबाएवढे गोळे वळायचे आणि आठवडाभर उन्हात ठेवायचे. हे काम आम्ही दोघे मिळून करत असू. ज्ञानूचे गोळे गुळगुळीत, माझे ओबडधोबड. वाळले की सगळे एकाच ढिगात पडत, आणि सकाळी दोघेही त्या एका ढिगातून पाटी भरून घेत. तो थंडगार गुंडा मुठीत धरल्यावर बोटांना येणारी कळ मला आठवते. ही आठवण खरी असावी. तिच्यात माझी काही सोय नाही.

ज्ञानूची जीभ गोफणीइतकीच चालायची.

"ओ मास्तर," तो पलीकडून ओरडे, "भोरड्यांना बाराखडी शिकिवताय काय? उठंनात त्या!"

"तुझ्याकडनंच आल्यात हितं," मी म्हणे. "उपाशी ठेवल्यास."

"तुमच्या नेमानं काय उडतील? तुमी मारला तर त्या आणखी सरकून जागा देत्यात!"

या राखणीचा एक नियम होता, आणि तो पोराटोरांनाही ठाऊक होता. पीक डोक्याच्या वर गेलेले. आत माणूस आहे की नाही, माळ्यावरून दिसत नसे. म्हणून जो कोणी आत शिरेल त्याने हाक द्यायची, "रानात हाय वोऽऽ". माळ्यावरच्याने "थांबलोऽऽ" म्हणून गोफण खाली घ्यायची. आतला बाहेर पडून दुसरी हाक देईपर्यंत भोरड्यांनी रान खाल्ले तरी गोफण उचलायची नाही.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. एका सकाळी ते रानात असताना मोठा थवा बांधावर उतरला. आम्ही दोघांनी गोफणी सोडल्या. एकामागून एक, की एकदमच, हे मला ठाऊक नाही. पाखरे उठली, आणि ज्वारीतून ओरडणे ऐकू आले. तात्या डावा डोळा तळहाताने दाबून बाहेर आले. बोटांतून रक्त गळत होते. तो डोळा गेला. मातीचा गुंडा आपटला की फुटतो आणि मातीत मिसळून जातो. कोणाचा होता, हे विचारायला जागा उरत नाही.

तरी विचारले गेले. त्याच दिवशी चावडीत माणसे जमली. तात्यांनी हाक दिली होती आणि पलीकडच्या माळ्यावरची गोफण थांबली नाही, असे ठरले. वडिलांनी वाटा मोडला. ज्वारी कापणीला यायच्या आधीच ज्ञानूच्या बापाने बैलगाडीत भांडी आणि माणसे भरली, आणि ते सुप्याकडच्या माळरानावर नातलगांच्या आश्रयाला गेले. ज्ञानूने राखलेले रान आम्ही कापले. त्या ज्वारीची भाकरी पांढरीशुभ्र आणि गोड होती. हे मला नक्की आठवते.

प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिले: "गुंडा ज्ञानूच्या गोफणीतला होता. तात्या पडले तेथे त्याच्या तांबूस मातीचे ढेकूळ मी पाहिले." ते ढेकूळ मला डोळ्यांसमोर दिसत होते. पुढच्याच पानावर, गुंडे कसे करत ते लिहिताना, मी एकाच ढिगाची गोष्ट लिहिली. मग हात थांबला. ढीग एक, माती एक. तर तांबूस ढेकूळ आले कोठून? आणखी एक गोष्ट खटकली. त्या सकाळच्या माझ्या आठवणीत मी स्वतःला माळ्यावर उभा असलेला पाहतो, सबंध, पायांपासून टोपीपर्यंत. माणूस स्वतःला असा पाहत नाही. ते चित्र मी नंतर कधीतरी रंगवले होते, आणि त्यात ढेकूळही ठेवून दिले होते.

दुसरा मसुदा निराळा केला. "गुंडा कोणाचा, हे मला ठाऊक नव्हते. माझाही असू शकला असता. परंतु चावडीत मी गप्प राहिलो. माझ्या मौनाची किंमत ज्ञानूने भरली." हे पान मला आवडले. सुनेला वाचून दाखवले तेव्हा तिने डोळ्यांना पदर लावला. आवडले म्हणूनच त्याची शंका यायला हवी होती. ती आली नाही. एवढेच वाटले की, ज्याच्याविषयी हे छापायचे तो हयात आहे, आणि छापण्यापूर्वी त्याने ते ऐकले पाहिजे. हुरडा खाऊन आल्यावर आठवड्याने मी मुलाला गाडी काढायला लावली.

सुप्याच्या अलीकडे रस्ता सोडला की माळ लागतो. कुसळी गवत, बाभळी, मध्येच बाजरीची वाळली धाटे. त्या दिवशी हरणांचा एक कळप गाडीसमोरून गेला. मुलाने गाडी थांबवली. मला त्यांच्याकडे पाहण्याचे भान नव्हते.

ज्ञानूची वस्ती तीन खणांची. तो दारापुढच्या लिंबाखाली बाजेवर बसला होता. अंग वाळलेले, मिशा पिकलेल्या. मी कोण, हे मुलाने मोठ्याने सांगितले.

"वरडू नगा," तो म्हणाला. "कान शाबूत हायेत माझं. या मास्तर, बसा. चालताना वळखलं म्या. अजून पाय तसाच टाकता, सांभाळून."

त्याच्या सुनेने चहा आणला. चहा होईपर्यंत पिकापाण्याचे बोलणे झाले. मग मी सांगितले की आठवणी लिहितो आहे, आणि एक पान वाचून दाखवायचे आहे. तो लिहायला-वाचायला शिकला नव्हता. त्याने पाय बाजेवर घेतले आणि म्हणाला, "व्हऊ द्या."

मी वाचू लागलो. "तात्या त्या सकाळी पीक पाहण्यासाठी रानात गेले होते..."

"काय बघाय?"

"पीक."

"पीक बघाय? टमरेल घिऊन?" तो हसू लागला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि सून दारात येऊन उभी राहिली. "मास्तर, आवो तात्या परसाकडला बसलं व्हतं! पाण्याचं टमरेल ज्वारीत आडवं पडल्यालं तुमी बी बघितलं, म्या बी बघितलं."

ते मला माहीत होते. घरात सर्वांना माहीत होते. चुलत्यांविषयी असे छापू नये, म्हणून मी 'पीक पाहण्यासाठी' असे लिहिले होते. मर्यादेसाठी केलेला एवढा फरक मला खोटेपणा वाटला नव्हता. तसे मी त्याला सांगितले.

त्याचे हसणे थांबले.

"मर्यादा तुमची. पर पीक बघाय गेलेला माणूस हाक देतो, मास्तर. टमरेल घिऊन बसल्याला देतो व्हय? हाक न्हाय, तर गोफण कशापायी थांबंल?"

मी हातातल्या कागदाकडे पाहिले. चावडीतला सगळा निवाडा तात्यांच्या हाकेवर उभा होता. ती हाक त्यांनी दिली नव्हती. कोणताही माणूस त्या वेळी देत नाही. साठ वर्षे आमच्या घराने चुलत्यांची अब्रू झाकली, आणि त्याच पांघरुणाखाली ज्ञानूचा अपराध शाबूत राहिला. तेच पांघरूण आता मी छापायला निघालो होतो.

"पुढं वाचा," तो म्हणाला.

मी वाचले. गुंडा कोणाचा ठाऊक नव्हते. मी गप्प राहिलो. माझ्या मौनाची किंमत.

ज्ञानूने पाय बाजेवरून खाली सोडले. मग त्याने विचारले, "कोण गप ऱ्हायलं?"

"मी."

"तू?" तोवर तो 'तुमी' म्हणत होता. "आरं शंकऱ्या, तू बोललास की."

मी म्हणालो, मला तसे आठवत नाही.

"पाटलानं इचारलं, कुणाची गोफण? तुझा बा तुझ्याकडं बघत व्हता. तू खांबापाशी हुबा, टोपी हातात. आन म्हणालास, ज्ञानूची. हळू न्हाय म्हणालास. शाळंत उत्तर देत्यात तसा म्हणालास."

मी त्याला प्रश्न विचारले. सवय जात नाही. पाटील कोठे बसले होते? आणखी कोण होते? माझ्या आधी कोणी बोलले होते का? त्याने प्रत्येकाचे उत्तर दिले, आणि जेथे माहीत नव्हते तेथे "ठावं न्हाय" म्हणाला. मी डोळे मिटून ती चावडी समोर आणायचा प्रयत्न केला. खांब आला. वडील आले. माझा आवाज आला नाही. टोपीही आली नाही.

"ज्ञानू, मला खरेच आठवत नाही."

"नसंल आठवत," तो म्हणाला. "तुला त्यात काय काम? घरी गेलास, जेवलास, पुढं मास्तर झालास. त्ये ध्यानात ठिवायचं माझ्याकडं व्हतं."

आता येथे मला सावधपणे लिहिले पाहिजे. साठ वर्षे एकच गोष्ट मनात बाळगली तर तिलाही आकार येतो. माझ्या ढेकळासारखी त्याच्या आठवणीतली टोपी नंतर आलेली असू शकते. आम्हा दोघांवाचून त्या चावडीतले कोणी हयात नाही. पण एक फरक मला नाकारता येईना. माझ्या आठवणीने प्रत्येक मसुद्यात मला काहीतरी दिले होते. पहिल्यात निर्दोषपणा, दुसऱ्यात पश्चात्तापाची प्रतिष्ठा. गप्प राहिलेला माणूस दुबळा ठरतो. त्याची कीव येते. नाव घेणाऱ्याची येत नाही. ज्ञानूच्या आठवणीने त्याला काहीच दिले नव्हते.

"गुंडा कुणाचा, ते तरी तुला ठाऊक आहे का?" मी विचारले.

"त्ये कसं ठावं असंल? माझाच असंल. नेम कुणाचा व्हता? तुझा गुंडा कधी लागलाय का कशाला!" तो पुन्हा थोडा हसला. मग म्हणाला, "पर खात्री न्हाय. माझा बा मरंस्तवर इचारायचा. ज्ञान्या, खरं सांग, तू मारलास का? म्या म्हणायचो, आबा, ठावं न्हाय. त्येला त्ये कधी पटलं न्हाय. त्येला वाटायचं, पोरगं भ्यालंय म्हून कबूल करंना. म्हणायचा, मास्तर शिकल्याला पोरगा हाय, तो कशाला खोटं बोलंल?"

सून आत गेली. माळावर वारा सुटला होता. मी खिशातून पेन काढले.

"तू सांग," मी म्हणालो. "काय लिहायचे ते तू सांग."

"मला काय लिवाय येतंय? तुझं पुस्तक हाय."

"तरी सांग."

त्याने विचार केला. "तात्या का बसला व्हता त्ये लिही. मर्यादा ठिऊन लिही, पर लिही. हाक दिली न्हाय त्ये लिही. गोफणी दोघांच्या फिरत व्हत्या. नाव एकाचं घेतलं गेलं."

मी दुसरा मसुदा उभ्या रेघेने खोडला आणि मागच्या कोऱ्या बाजूला, मांडीवर कागद धरून लिहिले. मग वाचले: "तात्या त्या सकाळी देहधर्मासाठी रानात बसले होते, म्हणून त्यांनी हाक दिली नाही. गोफणी दोघांच्याही फिरत होत्या. गुंडा कोणाचा लागला, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, आज आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. चावडीत नाव ज्ञानूचे घेतले गेले. ते मी घेतले, असे ज्ञानू सांगतो. मला स्वतःला तसे आठवत नाही, परंतु त्याच्या म्हणण्यावर अविश्वास ठेवण्यास मला कारण दिसत नाही."

"लई लांब झालं," तो म्हणाला.

"जेवढे खरे, तेवढे लिहिले."

"शेवटाला काय म्हणालास? कारण दिसत न्हाय, का काय त्ये. म्हंजी तू नाव घेतलंस, का न्हाय घेतलंस?"

मी ते वाक्य पुन्हा वाचले. 'मला आठवत नाही' हे शब्द खरे होते. सबंध पुस्तकात त्यांच्याइतके खरे शब्द थोडे असतील. मुलांच्या वहीत ते दिसले असते तर मी शाबासकी दिली असती. पण वाचणारा त्यांच्यापाशी थांबणार होता, आणि माझ्या प्रामाणिकपणाचे कौतुक करून पुढे जाणार होता. ज्ञानूच्या बापाला जे कोणी सांगितले नाही, की शिकलेला पोरगाही खोटे बोलतो, ते तिथेच दाबले जाणार होते. खरे शब्दही आडोशाला धरता येतात.

मी ते खोडले. शेवटच्या वाक्यात तीनच शब्द ठेवले आणि पान पुन्हा वाचले. "...चावडीत नाव ज्ञानूचे घेतले गेले. ते मी घेतले."

ज्ञानू माळाकडे पाहत होता. मला वाटले, त्याने ऐकले नाही.

"पुन्यांदा वाच," तो म्हणाला. "वाईच मोठ्यानं. सुनंला आत ऐकू गेलं पायजे."

मी पुन्हा वाचले.